पर्ल स्ट्रीटवरची खानावळ

न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी, एक बुटके विटांचे घर अंग चोरून उभे आहे. हे फ्रॉन्सेस टॅव्हर्न. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, उद्या तू निघणार. आज तिथेच जेवू."

१७१९ साली बांधलेले हे घर १७६२ मध्ये सॅम्युएल फ्रॉन्सेसने विकत घेतले आणि तिथे खानावळ थाटली. वरच्या लांबट दालनात ४ डिसेंबर १७८३ रोजी वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. इंग्रज फौज नऊच दिवसांपूर्वी शहर सोडून गेली होती. म्हणजे प्रसंग विजयाचा! पण मद्याचा पेला हाती घेऊन सेनापती दोन शब्द बोलला, एकेकाला कवटाळू लागला आणि ते रणगाजी मर्द ढसढसा रडले. मग तो नावेत बसून निघून गेला.

खरे सांगायचे तर, आज दिसते ते घर बरेचसे अंदाजाने उभारलेले. आगींनी मूळ रूप पालटले होते. १९०७ साली ते पुन्हा घडवले तेव्हा जुने नकाशे हाती नव्हते. आपण शनिवारवाड्याचे नुसते जोते राखले, तेच मला अधिक प्रामाणिक वाटते. तरी त्या दालनात मी जरा वेळ गप्प उभा राहिलो, हेही खरे.

खाली जेवायला बसलो. खुसखुशीत पापुद्र्याखाली कोंबडीचा वाफाळता रस्सा होता. तिखटाचे नाव नाही. भावाने मात्र चवीने खाल्ला. बारा वर्षांत जीभ बदलली होती.

"पुढच्या दिवाळीला येतोस ना? आई विचारील," मी म्हणालो.

त्याने वेटरला पाण्यासाठी खूण केली.