रोमचं पाणी

माणसांची एवढी लांब रांग मी दोनच ठिकाणी बघितली. एक पंढरपुरात आषाढीला दर्शनबारीची, आणि दुसरी रोम शहरात कोलोसियमच्या दारात. पंढरपूरच्या रांगेत तोंडानं नामस्मरण तरी चालतं. इथं जो तो हात वर करून मोबाईलवर फोटो काढत होता.

थोरला पोरगा कंपनीच्या कामानं तिकडं राहतो. मे महिना होता. मृग बहार धरायचा म्हणून डाळिंबाची बाग ताणावर सोडलेली, रानात काम नव्हतं. पोरानं तिकिटंच काढून पाठवली, मग मी आणि मंडळी निघालो. आटपाडीच्या पलीकडचं माणूस आम्ही, पण विमानात बसलो.

कोलोसियम इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहाच्या काळात खुलं झालं. पन्नास हजार माणूस बसेल एवढं. खाली सगळीकडून मिळून ८० कमानी, आणि त्यांवर रोमन आकडे कोरलेले. एक्स म्हणजे दहा, व्ही म्हणजे पाच, हे शाळेत घोकलं होतं ते इथं कामाला आलं. ज्याला जो आकडा मिळाला, त्यानं त्या दारानं आत जायचं. भिंतीला मात्र जागोजागी भोकं. डाळिंबाच्या खोडाला भुंगेरा लागावा तशी. पोरगा म्हणाला, "आबा, दगड एकमेकांना लोखंडानं जोडलेले होते. नंतरच्या लोकांनी ते लोखंड उपसून नेलं."

आत माणूस माणसाशी झुंजायचा, जनावरंही मारायची, हे ऐकून मंडळी म्हणाली, "एवढी माणसं दुसऱ्याचं मरण बघाय बसत हुती व्हय?" पुढं ती काही बोलली नाही. सावली बघून पदर डोक्यावर घेऊन बसली.

तिथनं जवळच फोरम आहे. रोमची जुनी पेठ आणि कचेरी म्हणा. तिथल्या सभागृहात राज्याचे निर्णय व्हायचे, बाजूला देवळं, मधनं फरसबंद रस्ता. आता नुसते खांब उभे. तिथं पोरानं मोबाईलवर वाचून जे सांगितलं त्यानं मी थांबलो. ह्या जागेला कित्येक शतकं लोक 'कांपो वाच्चीनो' म्हणायचे, म्हणजे गाईंचं रान. राज्य गेलं, वर माती साचली, गवत उगवलं आणि लोकांनी गुरं चारली. गुरांचा बाजारही भरायचा. मला खरसुंडीची यात्रा आठवली, खिलार खोंडांच्या दावणी, शेणाचा वास. ज्या जागेवर बादशहांच्या मिरवणुका निघाल्या, तिथं गाई रवंथ करत बसल्या. माझ्या लेखी त्यात वाईट काही नाही. पण एवढं मोठं शहर ओस पडलंच कसं, हे डोक्यातनं जाईना.

पोरगा म्हणाला, "पाणी तुटलं, आबा. राज्य खिळखिळं झालंच होतं, वर पाणी तुटलं."

रोमला लांबून डोंगरातलं पाणी पाटानं यायचं. पंप नाही, मोटार नाही, नुसता उतार धरून आणलेलं. ५३७ साली गॉथ लोकांनी शहराला वेढा घातला आणि ते पाट तोडले. दहा लाखांच्या घरातलं शहर, पुढं काही हजारांवर आलं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ७२ च्या दुष्काळात मी खडी फोडायला गेलेलं पोर आहे. आमच्याकडची किती घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला देशभर पांगली, ती पाण्यापायीच. वाड्याला कुलूप, दारात बाभळ.

आता रोममध्ये पाणी कसं आहे म्हणाल, तर रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ आहेत. त्यांना 'नाझोनी' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. शहरात अडीच हजारांच्या आसपास. १८७४ पासून बसवत आणलेले. रात्रंदिवस वाहतात. बोटानं तोंड दाबलं की वरच्या बारीक भोकातनं धार उडते आणि माणूस न वाकता पाणी पितो. मंडळीनं पहिल्या दिवशी तोटी बंद करायची म्हणून चारी बाजूंनी हात फिरवला. तोटी नव्हतीच.

शेवटी ट्रेव्हीचं कारंजं बघायला गेलो. हे १७६२ ला पुरं झालं, पण त्याला येणारा पाट इसवी सनाच्या आधीचा, ख्रिस्तपूर्व १९ मधला, अग्रिपानं बांधलेला. बहुतेक जमिनीखालनं येतो. मधे खराब झाला होता, तो १४५३ साली पाचव्या निकोलस पोपनं दुरुस्त केला. तिथं एवढी गर्दी, की पाण्याचा आवाज आधी आला आणि पाणी मागनं दिसलं. लोक पाठमोरं उभं राहून उजव्या हातानं डाव्या खांद्यावरनं नाणं टाकत होते. नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणतात. ते पैसे गोळा करून गरिबांच्या कामाला लावतात.

पोरानं आईच्या हातात एक युरो दिला. एसटी नदीच्या पुलावर आली की पैसा टाकून हात जोडणारी बाई ती. पण तिनं नाणं हातात धरून ठेवलं आणि म्हणाली, "हितं टाकलं तर मी परत यीन. आपल्या हिरीत टाकलं तर तू परत येशील का?"

पोरगा हसला. मग हसू थांबलं. मी पाण्याकडं बघत राहिलो.

तिनं नाणं कनवटीला लावलं.

आमच्याकडं आता टेंभूचं पाणी आलंय. विहिरीला मे महिन्यातही ओल असते. रोमला पाणी परत आल्यावर माणसं परत यायलाही लई पिढ्या गेल्या. मी पोराला काही म्हणत नाही. फक्त बागेत नवीन रोपं लावताना त्याच्या वाटणीच्या दोन ओळी मोकळ्या ठेवत नाही, लावून टाकतो. ठिबक चालू असतं.