कोपर वर

२८ जुलै २०२४, कोल्हापूर
पाऊस. पंचगंगा फुगलेली. पोहण्याच्या टँकवर मुलं कमी. पोरीचा डावा खांदा पुन्हा दुखतोय. "थोडंसंच, सर." ती थोडंसं म्हणते म्हणजे बरंच असणार. हाताचे पॅडल काढून घेतले.

२९ जुलै
काठावर पालथा पडून पाहत राहिलो. श्वासाला उजवीकडे वळली की डावा हात डोक्यासमोरून पलीकडे जातो. अंगठा आधी पाण्यात. खांदा आत पिळतो. कोपर पडतं. तळहात पाणी मागे सारायचं सोडून खाली दाबतो. पुढून अंग उचलतं, मागून पाय बुडतात.

३० जुलै
फिजिओकडे पाठवलं. हात बंद, फक्त किक. तिच्या आईचा फोन: स्पर्धेचं काय?

१ ऑगस्ट, पहाटे
पॅरिस ऑलिम्पिक बघत जागलो. लेडेकी, १५०० मीटर, १५:३०.०२. दुसरी दहा सेकंदांहून जास्त मागे. पाण्याखालचा कॅमेरा आला की तिचं कोपरच बघत होतो. हात पुढे लांब. कोपर तिथंच वर, पंजा आणि मनगट खाली वळतात, बोटं तळाकडे. कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात पाणी धरतो. मग अंग त्या हातावरून पुढे.

दोनच्या सुमारास पान झानले. १०० मीटर, ४६.४०. विश्वविक्रम. दुसरा १.०८ सेकंद मागे! तिथला टँक जेमतेम २.१५ मीटर खोल, म्हणून संथ, असं आठवडाभर ऐकत होतो.

वेग दुप्पट, तर पाण्याचा विरोध चौपट. नुसती ताकद कुठवर पुरणार?

२ ऑगस्ट
झोप नाही. डोळ्यांपुढे कोपरं.

३ ऑगस्ट
आम्हाला पाण्यात हातानं 'एस' काढायला शिकवलेलं. प्रशिक्षक काउन्सिलमन यांचं शास्त्र. आता सरळ मागे ओढायला सांगतो. अंग वळतं, तेवढा बाक आपोआप येतो.

४ ऑगस्ट, रात्री
पॅरिसमध्ये फिंक. १५०० मीटर, १४:३०.६७. सुन यांगचा १४:३१.०२ हा २०१२चा विक्रम गेला. बारा वर्षांत ३५ शतांश. आपल्या वीरधवल खाडेची जकार्ताची आशियाई स्पर्धा आठवली, २०१८. ५० मीटरचं कांस्य एका शतांशानं हुकलं. अजून लागतं मनाला.

६ ऑगस्ट
दुखणं कमी. फिजिओनं हलकं पोहायला परवानगी दिली. तिला तिचाच व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघत होती. "हा हात माझा आहे?"

७ ऑगस्ट
हात खांद्याच्या रेषेत, मधलं बोट आधी. सावकाश. बहुतेक वेळा जमलं. दमली की हात पुन्हा आत.

८ ऑगस्ट
आईला सांगितलं, ही स्पर्धा नाही. नाराज आहेत. पोरगीही.
सरावानंतर तिनं पॅडल मागितले. दिले नाहीत.