शहाळ्याचे वय

प्रवासाला निघताना माणूस एक पाहायचे ठरवतो आणि परत येतो ते भलतेच काहीतरी घेऊन. फिलिपाइन्सला मी गेलो तो भाच्याला भेटायला. तो तिकडे डॉक्टरी शिकतो. मे महिन्याची सुट्टी, बहिणीने बांधून दिलेले मेतकूट आणि “त्याची तब्येत किती उतरली आहे ते नीट बघून ये” ही ताकीद, एवढे घेऊन मी मनिलाला उतरलो. भाच्याची तब्येत उतरली नव्हती, चांगली सुधारली होती. त्याचे कारण मला रविवारी कळले.

त्या दिवशी आम्ही बसने सान पाब्लोला गेलो. मनिलाच्या दक्षिणेला, लागुना प्रांतातले हे गाव सात तळ्यांचे म्हणून प्रसिद्ध आहे. ज्वालामुखीच्या स्फोटांनी पडलेल्या खळग्यांत पाणी साचून ही तळी झाली. सर्वांत मोठ्या तळ्याचे नाव साम्पालोक, म्हणजे चिंच! नाव चिंचेचे असले तरी राज्य मात्र माडांचे. बसच्या खिडकीतून जिकडे पाहावे तिकडे माड. क्षणभर वाटले, आपण अलिबागहून श्रीवर्धनला निघालो आहोत आणि आता कुठल्याही वळणावर समुद्र दिसेल.

तळ्याच्या काठी एका हातगाडीभोवती गर्दी होती. भाचा लांबूनच ओरडला, “आते!”

मी दचकलो. माझी आते श्रीवर्धनला होती आणि ती जाऊनही बरीच वर्षे झाली. मग उलगडा झाला. त्यांच्या तगालोग भाषेत ‘आते’ म्हणजे थोरली बहीण, आणि वयाने मोठ्या दिसणाऱ्या कुठल्याही बाईला आदराने तसेच म्हणतात. मी मराठी शिकवतो हे भाच्याने सांगताच आतेबाई हसून म्हणाल्या, “गुरो!” हा शब्द मात्र मला कुणी समजावून सांगायला नको होता. शेकडो वर्षांपूर्वी संस्कृत शब्द समुद्रावरून तिकडे पोचले, त्यांतलाच हा एक. चेहऱ्याला ते ‘मुखा’ म्हणतात, आणि दरिद्री माणसाला ‘दुखा’.

त्या गाडीवर मिळत होते शहाळ्याचे मिल्कशेक. शहाळ्याला तिकडे ‘बुको’ म्हणतात. मी पेला तोंडाला लावला आणि दुपारचे ऊन विसरलो. थंडगार, जेमतेम गोड, मधूनच जिभेवर मलईचा रेशमासारखा तुकडा. एक पेला झाल्यावर मी दुसरा मागितला. भाचा माझ्याकडे पाहून नुसता हसला.

मास्तरांच्या सवयीने मी चौकशी सुरू केली. भाचा दुभाष्या झाला. आतेबाई शहाळे उचलत, नखाने टिचकी मारत, कान लावत आणि मगच कोयता चालवत. शहाळ्याच्या मलईला तिथे वयाप्रमाणे तीन नावे आहेत. अगदी कोवळी, शेंबडासारखी बुळबुळीत, ती ‘मालाउहोग’. भाताच्या शितासारखी मऊ, ती ‘मालाकानिन’. चामड्यासारखी चिवट झालेली, ती ‘मालाकाताद’. शेकला मधली घ्यायची. पहिलीला चव नाही आणि तिसरी दातांत येते. मला आमचे आजोबा आठवले. तेही असेच टिचकी मारून शहाळे, अडसर आणि नारळ वेगळे करीत. ते ज्ञान माझ्यापर्यंत आलेच नाही. मी त्यांच्याकडून फक्त खायला शिकलो.

शहाळे तिथले, पण पेल्यातल्या बाकीच्या दोन गोष्टी परक्या. 1898 ते 1946 या देशावर अमेरिकेचे राज्य होते. 1902 मध्ये मनिलात सरकारी बर्फाचा कारखाना उभा राहिला आणि डब्यातले आटवलेले गोड दूध घरोघर पोचले. देशात दुभते थोडे, त्यामुळे अजूनही बहुतेक दूध बाहेरूनच येते. फक्त माड तेवढा स्वतःचा.

पण माड स्वतःचा असला, तरी माडावर जगणारा माणूस सुखी असतोच असे नाही. 1973 पासून मार्कोस राजवटीत या शेतकऱ्यांच्या खोबऱ्यावर पट्टी बसवली होती. पैसा त्यांच्याच भल्यासाठी म्हणून गोळा झाला आणि गेला बड्यांच्या ताब्यात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्या पैशातून शेतकऱ्यांसाठी निधी उभारण्याचा कायदा व्हायला 2021 उजाडले. पट्टी भरणारे किती जण तोवर उरले असतील?

आतेबाई मूळच्या लेयते बेटावरच्या. 8 नोव्हेंबर 2013 च्या सकाळी तिथे हैयान वादळ आले. त्याला ते लोक ‘योलांदा’ म्हणतात. देशभरात मिळून सुमारे 3 कोटी 30 लाख माडांचे नुकसान झाले. त्यांत आतेबाईंचे साठ होते. माणसे वाचली, एवढेच. त्या बहिणीकडे सान पाब्लोला आल्या आणि त्यांनी ही गाडी टाकली. यजमान मात्र तिथेच राहिले. त्यांनी नवी रोपे लावली.

“मग आता?” मी विचारले.

“आता धरायला लागले,” त्या म्हणाल्या, “पण त्यांची शहाळी मी काढू देत नाही. पहिल्यांदा पुरते नारळ होऊ देत. रोपे त्यांचीच करायची.”

मी सहज बोलून गेलो, “आमची वाडीही वादळात गेली. 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ.”

कोयता थांबला. त्यांनी विचारले, “परत लावली?”

मी तळ्याकडे पाहिले. श्रीवर्धनची वाडी दादा सांभाळतो. माड-पोफळी आडव्या झाल्या तेव्हापासून जमीन तशीच पडून होती. गिऱ्हाईक आले होते, दादाची सही झाली होती, माझी तेवढी बाकी होती. पुण्याला कपाटात कागद ठेवूनच मी निघालो होतो. हे सारे भाच्याला मी भाषांतर करायला सांगितले नाही. “नाही” एवढेच म्हणालो. आतेबाईंनी काही उपदेश केला नाही. पेल्यात मलईचा एक तुकडा जास्त टाकला.

पुण्याला आल्यावर मी शेकचा घाट घातला. शहाळे नव्हते म्हणून नारळाचे दूध काढले, त्यात बर्फ घातला आणि फजिती झाली. जिभेवर स्निग्धाचे बारीक कण येऊ लागले. “थंडीत खोबरेलाची बाटली थिजते हे ठाऊक नाही का?” सौभाग्यवती म्हणाल्या. खरेच होते. पक्क्या नारळात तेल भरलेले असते, कोवळ्या मलईत ते नावाला असते. म्हणून शेक शहाळ्याचाच.

दोन पेल्यांसाठी एक मलईदार शहाळे घ्यावे आणि विक्रेत्याला “भातासारखी मऊ मलई हवी” असे सांगावे. वाटीभर मलईतले चार-पाच तुकडे बाजूला ठेवावेत. उरलेली मलई, वाटीभर शहाळ्याचे पाणी, अर्धी वाटी गार दूध, दोन मोठे चमचे डब्यातले घट्ट गोड दूध, चिमटीभर मीठ आणि सात-आठ बर्फाचे खडे मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवावे. वर मलईचे तुकडे टाकावेत आणि लगेच प्यावे. ठेवले की पाणी निराळे होते आणि चवीची रया जाते. चकली-अनारशांनी जडावलेल्या दिवाळीच्या दुपारी पाहुण्यांना हे देऊन पाहा.

दुसऱ्या खेपेला शेक चांगला जमला. पेला हातात असतानाच मी दादाला फोन केला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अरे, माड धरायला सहा-आठ वर्षे लागतात. तोवर तू पन्नाशी ओलांडशील आणि मी साठी.”

“लागू देत,” मी म्हणालो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी मिळून चाळीस रोपे लावली. उरलेला तुकडा विकायचा की नाही, याचा वाद अजून चालू आहे. कागद कपाटातच आहेत आणि माझ्या सहीची जागा कोरी आहे. तोवर शहाळी बाजारातूनच आणतो. विक्रेत्यासमोर उभा राहून मीही टिचकी मारून, कान लावून पाहतो. दहांतून चार वेळा अंदाज बरोबर येतो.