केडगाव: रमाबाईंच्या मुक्कामी

पुण्याहून दौंडच्या गाडीत केडगावचं नाव काढलं की शेजारचा विचारणारच, "बेटावर निघालात का?" नारायण महाराजांचं दत्तमंदिर आहे ना इथे. मला जायचं होतं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. यवत, खुटबाव मागे पडलं, उसाचे फड लागले, आणि केडगाव आलं.

मिशनची ही जमीन रमाबाईंनी घेतली ती पुण्यातल्या आपल्या शाळेला, शारदा सदनाला, शेतीचं उत्पन्न मिळावं म्हणून. पण १८९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, तेव्हा त्यांचा मुक्काम याच शेतावर पडला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. दुष्काळातल्या मुलींकडे धावून जायला रमाबाईंना कुणी बोलावण्याची गरज नव्हती.

आवारातल्या मोठ्या चर्चमध्ये मी बराच वेळ बसलो. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडातल्या वाँटेजचा, १८८३ मधला. त्याने मनाला लगेच विसावा मिळाला असेल, असा माझा समज त्यांच्या आत्मकथनाने मोडला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्या लिहितात. पुण्य गाठीला बांधायची जुनी सवय नव्या धर्मातही सुटली नव्हती. आपल्या पापांची क्षमा कमवायची नसते, ती मिळते आणि फक्त घ्यायची असते, हे उमजायला बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षं लागली. एवढ्या विदुषीला इतका वेळ लागावा, याचा मला उलट दिलासा वाटला.

पण त्यांची ही क्षमा देव्हाऱ्यात बसून राहिली नाही. इंग्लंडात असताना लंडनच्या फुलहॅममध्ये, जग जिला 'पतित' म्हणतं तिला सावरणारं काम त्यांनी पाहिलं होतं. हे का करता, असं विचारल्यावर तिथल्या सिस्टरने बायबलमधली, येशूने न झिडकारलेल्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पुढे केडगावात अशा बायकांसाठी कृपा सदन उभं राहिलं. जेवायला, झोपायला जागा आणि काम.

पुण्याने मात्र रमाबाईंना सहजी माफ केलं नाही. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला, सदनाच्या सल्लागार मंडळातून सुधारक रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. रानड्यांसारख्यांची अडचण मला समजते. सदनात धर्मप्रचार न करण्याचं वचन मोडल्याचा संशय त्यांना छळत असणार. तरी पुढे या शेतावर आलेल्या मुलींना घरी नेणारं कुणी नव्हतं.