अंगणातले इंजिन

माजी विद्यार्थ्यांनी अंकासाठी आपापला अनुभव लिहून द्यावा, असा निरोप शाळेतून आला तेव्हा आम्ही दोघे भाऊ जरा अडचणीतच पडलो. आम्ही परदेशी गेलो नाही की मोठ्या हुद्द्यावर चढलो नाही. तुकईथडला घरची शेती करतो, कापूस, सोयाबीन, गहू. सांगण्यासारखी गोष्ट आमच्याजवळ एकच आहे आणि तिला ऑइलचा वास आहे. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी तेवढे चालवून घ्यावे. विद्यार्थ्यांना तो वास आवडेल, अशी आमची खात्री आहे.

तुकईथड आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीत, मेळघाटच्या डोंगराला लागून आहे. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी आमच्या स्टेशनावर थांबत असे. धूळघाटला हीच गाडी डोंगरात वळसा घेऊन आपल्याच रुळांवरून पुढे जाई, ते पाहायला लहानपणी आम्ही खिडकीशी भांडत असू. २०१७ साली रूळ रुंद करण्यासाठी ती बंद झाली आणि गावाचे जाणे-येणे रस्त्यावर आले. आमच्या घरी १९९८ सालची मारुती ८०० होती. तोवर ती लग्नकार्याला आणि पाहुण्यांना आणण्यापुरती होती. गाडी बंद झाल्यापासून तिच्यावरच सगळे आले. आईला काचबिंदू आहे, दर दोन महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासायला बऱ्हाणपूरला न्यावे लागते. त्यात चुकून चालत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात मारुती धूर सोडू लागली. पांढरा नव्हे, निळसर. पांढरा धूर बहुधा पाण्याच्या वाफेचा, काळा जास्तीच्या पेट्रोलचा आणि निळा जळणाऱ्या ऑइलचा, एवढे गाडीवाल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. दर पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल कमी होऊ लागले. चढावर दम लागे. मीटर दीड लाखाच्या पुढे गेला होता. त्यातच नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी प्रदूषणाचे प्रमाणपत्र हवे. ऑइल जाळणाऱ्या इंजिनाच्या धुरात हायड्रोकार्बनचे प्रमाण चढते, यंत्र ते लगेच दाखवते. शहरातल्या एका मिस्त्रीने इंजिनकामाचे पंचवीस हजार सांगितले. एका भंगारवाल्याने अख्ख्या गाडीचे अठरा हजार देऊ केले. कापसाचा पैसा अजून हातात यायचा होता.

तेव्हा आप्पा म्हणाले, "पोरांनो, रिंगा गेल्यात. आपणच उतरवू."

आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी कारखाना पाहिला नव्हता, पण वीज येण्याआधी आमच्या विहिरीवर किर्लोस्करचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन होते आणि त्याचे हेड आप्पांनी बांधावर बसून कितीदा उघडले त्याला हिशेब नाही. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची. त्या इंजिनांनी आमच्या भागातले कितीतरी शेतकरी अर्धे मिस्त्री करून सोडले, हे कोणी लिहीत नाही म्हणून इथे लिहितो.

रिंगा म्हणजे काय, ते आधी विद्यार्थ्यांसाठी सांगतो. सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो. तो सिलिंडरला घट्ट बसवला तर तापून अडकेल, सैल ठेवला तर स्फोटाचा दाब बाजूने निसटेल. म्हणून पिस्टनच्या कमरेला खाचा पाडून त्यांत एका ठिकाणी तुटलेल्या, म्हणजे तोंड उघडे असलेल्या, लवचीक कड्या बसवतात. त्या बाहेर दाबून राहतात आणि फट झाकतात. वाफेच्या इंजिनात पूर्वी यासाठी तागाचे वेटोळे भरत. तोंड उघडी असलेली धातूची कडी १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्लंडातल्या रेल्वे इंजिनियरने काढली. मारुतीच्या प्रत्येक पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची ऑइल खरवडून खाली पाठवते. पिस्टनची उष्णताही मुख्यतः रिंगांतूनच सिलिंडरच्या भिंतीकडे जाते.

पण आप्पा म्हणाले म्हणून लगेच उघडायचे नव्हते. व्हॉल्व्हच्या सिलांतूनही ऑइल उतरते आणि धूर निळाच येतो. म्हणून आम्ही प्लग काढून दाब मोजला. तिन्ही सिलिंडर सात, सहा, आठ असे निघाले, मधला सगळ्यांत कमी. मग प्लगच्या भोकातून प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला. तिन्ही दहाच्या आसपास चढले. ऑइलने रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरली, म्हणून दाब वाढला. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइलने फरक पडला नसता. आप्पांनी आमच्याकडे नुसते पाहिले.

दिवाळीच्या सुटीत काम काढले. विहिरीतली मोटार वर काढायची तीन पाइपांची घोडी आणि चेन पुली घरी होतीच. ती अंगणात उभी केली, बॅटरी सोडली, पाणी आणि ऑइल काढले, वायरी आणि नळ्यांना चिंध्या बांधून खुणा केल्या आणि इंजिन उचलून जुन्या बाजेवर ठेवले. (गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर विसंबून जाऊ नका, खाली ओंडके लावा. आणि काढलेले ऑइल नालीत सोडू नका. आमचे डब्यात भरून ठेवले होते.) आई म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला अंगण मोकळं पाहिजे हं." ते काही झाले नाही. पणत्या त्या वर्षी बाजेच्या कडेने लागल्या.

हेड, मग खालचे चेंबर काढले. कनेक्टिंग रॉडच्या प्रत्येक टोपीवर आणि तिच्या रॉडवर धाकट्याने पंचने एक, दोन, तीन ठिपके दिले, कारण टोपी ज्या रॉडची त्याच रॉडला परत गेली पाहिजे. पिस्टन वर ढकलून बाहेर काढले तर ऑइलच्या रिंगा काजळीने खाचांत चिकटून बसलेल्या. आप्पांनी जुनी रिंग मोडून तिच्याच तुकड्याने खाचा खरवडल्या. खाचेच्या मापाची पटाशी बाजारात मिळते, पण जुन्या रिंगेसारखी नाही, असे ते म्हणाले. ते खरेच आहे.

आता खरा प्रश्न होता. रिंगा झिजल्या हे ठीक, पण सिलिंडर किती झिजला? तो फार झिजला असेल तर नव्या रिंगा घालून उपयोग नाही, बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. सिलिंडर आतून मोजायचे घड्याळ आमच्याकडे नव्हते. पूर्वी आप्पा बोटाने अंदाज घेत. त्यांनी बोट आत फिरवले, वरच्या काठाशी थांबले, पुन्हा फिरवले आणि हात काढून घेतला. "आता समजत नाही," ते म्हणाले. असे ते कधी म्हणत नसत.

थोरल्याची मुलगी तेव्हा आठवीत, याच शाळेत. ती फिलर गेजच्या पात्यांशी खेळत होती. आप्पांनी तिला जवळ बसवले. नवी रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या पाठीने सरळ खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांतली फट मोजायची. तळाशी झीज नसते. मग तीच रिंग वर आणून पुन्हा मोजायची. तळाशी तिन्हीत पाव मिलीमीटर, म्हणजे ०.२५ भरली. साडेअडुसष्ट मिलीमीटरच्या सिलिंडरला ती बरोबर आहे. वर पहिल्या आणि तिसऱ्यात ०.४५. मधल्यात ०.७०.

"आजोबा, मग सिलिंडर जवळजवळ अर्धा मिलीमीटर झिजला का?"

"तुझ्या पुस्तकात वर्तुळ नाही का, पोरी?" आप्पा म्हणाले.

तिने वहीत मांडले. रिंगेची फट परिघावर वाढते, झीज व्यासावर होते. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. तेव्हा फटीतला फरक ३.१४ ने भागायचा. पहिल्या-तिसऱ्यात ०.२० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.०६. मधल्यात ०.४५ भागिले ३.१४, म्हणजे ०.१४. आप्पांना ही रीत ठाऊक होती, पण तिचे कारण त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर पाहिले. दुसऱ्या दिवशी ब्लॉक टेम्पोत घालून बऱ्हाणपूरच्या एका लेथवाल्याकडे नेला. त्याच्या घड्याळाने मधला पंधरा शतांश दाखवला. नातीच्या वहीत चौदा होता.

दहा शतांशाच्या पुढे गेले की बोअर करावे, असा कारागिरांचा साधारण दंडक आहे. आणि एकच सिलिंडर बोअर करून भागत नाही, तिन्ही पिस्टन सारख्या मापाचे लागतात. खर्च बारा हजारांच्या घरात, वर आठ-दहा दिवस. आईची तारीख पाच दिवसांवर होती. आम्ही दोघांनी लेथवाल्याच्या दारातच ठरवले, रिंगाच बदलू, बोअर पुढे पाहू. काठाशी झिजेमुळे पायरी झाली होती, नवी रिंग तिच्यावर आपटून मोडते. तेवढी त्याच्याकडून कापून घेतली.

घरी आल्यावर आप्पा चिडले. "अर्धं काम करायचं तर इंजिन कशाला उतरवलं? मधला पुन्हा धूर सोडेल."

"आप्पा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण पैसे कुठून आणायचे?" थोरला म्हणाला.

आप्पा उठून आत गेले. त्या संध्याकाळी ते अंगणात आले नाहीत आणि आम्हीही बोलावले नाही. आज वाटते, बोलवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिलिंडर बारीक पॉलिश पेपरने तिरप्या रेघा उमटतील असे घासले. काचेसारख्या गुळगुळीत भिंतीवर ऑइल ठरत नाही, नव्या रिंगा बसत नाहीत, म्हणून या रेघा लागतात. मग ब्लॉक साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, लगेच ऑइल चोळले. रिंगा चढवताना धाकट्याच्या हातून तिसऱ्या पिस्टनची दुसरी रिंग मोडली. ती जेवढी उघडावी त्याहून जास्त उघडली, बस्स. ओतीव लोखंड वाकत नाही, मोडते. सुटी रिंग कुठे मिळेना, अख्खा सेट पुन्हा घ्यावा लागला. दोन दिवस आणि अकराशे रुपये गेले. त्या दोन दिवसांत आईची तारीख आली आणि शेजाऱ्यांची जीप मागून तिला न्यावे लागले. ज्या घाईसाठी बोअर टाळले, ती घाई अशी वाया गेली.

जीपचा आवाज ऐकून आप्पा बाहेर आले. मोडकी रिंग हातात घेऊन पाहिली, काही बोलले नाहीत. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, त्याला पाइपाची क्लिप लावून रिंगा दाबायचा पट्टा त्यांनी करून दिला. रॉडच्या बोल्टांनी क्रँकला ओरखडा पडू नये म्हणून त्यांवर फवारणी पंपाच्या नळीचे तुकडे चढवायला लावले. रिंगेवरची अक्षरे वर आहेत का, तिन्हींची तोंडे एका रेषेत येत नाहीत ना, पिस्टनवरचा बाण पुलीकडे आहे का, हे प्रत्येक वेळी नात मोठ्याने सांगे आणि आप्पा मान हलवत. मग हातोड्याच्या लाकडी दांड्याने हळूच ठोकत पिस्टन आत गेले.

इंजिन बसवून, प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसते स्टार्टरने फिरवले. मग प्लग लावून चालू केले. पहिली दहा मिनिटे इतका धूर निघाला की शेजारचे धावत आले. तो जोडताना लावलेल्या ऑइलचा होता. नंतर विरत गेला. हजार किलोमीटर हळू चालवली, पाचशेला ऑइल बदलले. प्रदूषणाचे प्रमाणपत्र मिळाले, नोंदणी पाच वर्षांनी वाढली. मोडलेल्या सेटसकट सगळा खर्च साडेसहा हजारांच्या आत राहिला.

त्या हिवाळ्यात नातीने आणखी एक गणित केले. या इंजिनात पिस्टनचा एक फेरा ७२ मिलीमीटर, जाऊन-येऊन १४४. मिनिटाला तीन हजार आवर्तने धरली तर रिंग तासाला सुमारे २६ किलोमीटर घासत जाते. ताशी पन्नासच्या वेगाने १ लाख ६० हजार किलोमीटर म्हणजे ३,२०० तास. तेवढ्या तासांत रिंगा सिलिंडरमध्ये ८३ हजार किलोमीटर चालल्या, पृथ्वीला दोन फेऱ्या. आप्पांनी ते पान वहीतून फाडून देवघराशेजारी चिकटवले होते.

दोन वर्षांनी मधला प्लग काळा आणि ओला निघू लागला. आप्पा २०२१ साली गेले. तोवर दर महिन्याला ते तो प्लग काढून, पुसून, पुन्हा लावत आणि आम्हाला त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाला भाव चांगला मिळाला होता. आम्ही घोडी पुन्हा अंगणात उभी केली, इंजिन उतरवले आणि तिन्ही सिलिंडर अर्ध्या मिलीमीटरने बोअर करून नवे पिस्टन घातले. रिंगांच्या फटी मोजायला नात होतीच. २०२३ साली नोंदणी पुन्हा वाढवली. सरकारने २०२२ च्या एप्रिलपासून जुन्या मोटारींची ही फी सहाशेवरून पाच हजार केली होती, ती मुकाट भरली. आईला आजही त्याच गाडीने नेतो.