लॉक्सियाच्या घरातली सुगरण

गांधारीचा पूल, कल्याण. श्रावणातली सकाळ. उल्हासच्या काठी शिंदीला सुगरणीचे खोपे लटकलेत, त्यातले बरेच अर्धवट. खाली गवतात ठिपक्यांच्या मुनियांचा थवा बिया टिपतोय.

*

घरी येऊन दोघांची जुनी शास्त्रीय नावं काढली. लिनियसनं मुनियेला 1758 मध्ये ‘लॉक्सिया पंक्चुलाटा’ म्हटलं, सुगरणीला 1766 मध्ये ‘लॉक्सिया फिलिपिना’. आज लॉक्सिया म्हणजे फक्त क्रॉसबिल. ग्रीकमध्ये ‘लॉक्सोस’ म्हणजे तिरकं. क्रॉसबिलच्या चोचीची टोकं एकमेकांवरून तिरकी जातात. त्यांनी तो सूचिपर्णी झाडांच्या शंकूंचे खवले उचकटतो आणि जिभेनं बी ओढून घेतो. भारतात तो हिमालयातला पक्षी.

*

लिनियसच्या काळी जाड चोच दिसली की पक्षी लॉक्सियात जायचा. पण जाड चोच हे बी फोडायचं हत्यार, ते वेगवेगळ्या कुळांत आपापलं घडतं. आता सुगरण विणकरांत, मुनिया आपल्या वेगळ्या कुळात. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा रोझफिंच मात्र क्रॉसबिलचा खरा भाऊबंद.

*

मुनियांना ‘लोंचुरा’ ही प्रजाती 1832 मध्ये मिळाली ती कर्नल साइक्सकडून. दख्खनचे पक्षी नोंदवणारा हाच तो साइक्स.

*

लिनियसचं ‘फिलिपिना’ मात्र ‘फिलिपिनस’ होऊन अजून सुगरणीला चिकटून आहे, आणि फिलिपिन्स काही तिचा मूळ मुलूख नव्हे. नाव अर्थानं चुकलं एवढ्यावरून ते बदलायचं नाही, असा नियमच आहे.

*

मराठी नाव स्त्रीलिंगी, विणणारा मात्र नर. सालिम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला बसून हे बारकाईनं पाहिलं. नर खोपा अर्धा विणून थांबतो; मादी येऊन पाहते, पसंत पडला तर तो पुरा करतो, मग दुसरा विणायला घेतो. सकाळी पाहिलेल्या अर्धवट खोप्यांचा उलगडा इथे झाला. तरी ‘सुगरण’ मला चूक वाटत नाही. ती कसबी हाताला दिलेली शाबासकी आहे.

*

आगरी-कोळी घरांत याच पक्ष्यांना आणखी नावं असतील. तुमच्या आजीला विचारा, आणि तिनं सांगितलेलं नाव गावासकट, तारखेसकट वहीत लिहून ठेवा.