मारव्याचा षड्ज

अमीर खाँसाहेबांचा मारवा मी पहिल्यांदा ऐकला तो १९८४ साली, सांगलीच्या आमच्या जुन्या घरात, वडिलांच्या रेकॉर्ड-प्लेअरवर. एका बाजूला मारवा आणि उलटली की दरबारी, अशी ती प्रसिद्ध तबकडी. वडील दरबारीचे भक्त. त्यामुळे ती बाजू झिजून खरखरत असे आणि मारव्याची बाजू जवळजवळ कोरी राहिली होती. सोळाव्या वर्षी वडिलांना न आवडणारे काहीतरी आपल्याला आवडले पाहिजे, एवढ्याच कारणासाठी मी ती लावली. दिवेलागणीची वेळ होती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, तिन्हीसांजेला हे काय लावलंस? कुणी गेलंय का?"

आईला गाण्यातले काही कळत नव्हते असे आम्ही घरातले पुरुष समजत होतो. पण त्या दोन वाक्यांत तिने मारव्याचे जे वर्णन केले ते मला पुढे कुठल्याही जाणत्याच्या लेखात इतके थेट सापडले नाही. मारवा ऐकताना कुणीतरी नाही असे वाटते, आणि ते खरेच आहे. जो नसतो तो षड्ज.

पंचम तर या रागात वर्ज्यच असतो. म्हणजे ज्या दोन स्वरांवर बहुतेक राग पाय रोवून उभे राहतात त्यातला एक मुळातच काढून घेतलेला. उरला षड्ज, तर गायक त्यालाही टाळत राहतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो, मंद्रात निषाद-धैवतापर्यंत उतरतो, पुन्हा रिषभावर येऊन थांबतो. आणि तंबोऱ्यातून मात्र षड्ज अखंड ऐकू येत असतो. घर समोर दिसते आहे आणि आत शिरता येत नाही, अशी ती अवस्था. खाँसाहेबांची अतिविलंबित लय या अवस्थेला आणखी लांबवते. अखेर ते षड्जावर येतात तेव्हा सुटका झाल्यासारखे वाटावे, तर तेही पुरते वाटत नाही. पूरिया आणि सोहनी या रागांतही हेच सहा स्वर आहेत. पण पूरियात मन गांधार-निषादाशी विसावते आणि सोहनी तर तारसप्तकात बागडते. त्यांच्यापायी कुणाच्या आईने असा प्रश्न विचारला असेल असे वाटत नाही.

पुढे काही वर्षे मी पेटी शिकलो. फार गती नव्हती. पण एका दुपारी पेटीवर नुसता चाळा करताना एक गोष्ट हाती लागली आणि तिने मला कित्येक दिवस झोपू दिले नाही. पांढरी सहा हा षड्ज धरला तर मारव्याचे बाकीचे पाचही स्वर पाच काळ्या पट्ट्यांवर येतात. एकटा षड्ज पांढरा. आता षड्ज सोडून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवा आणि काळी तीनचा सूर भरत राहा : तो भूप असतो! म्हणजे मारव्याच्या धैवताला षड्ज मानले की तेच पाच स्वर भूपाचे होतात. (जाणकार मूर्च्छनेचे नाव घेतील आणि श्रुतींचा सूक्ष्म फरक दाखवतील, ते बरोबरच आहे.) ज्या भूपाइतका शांत, स्वच्छ, निःशंक राग मला दुसरा माहीत नाही, तो भूप आणि आईला कुणाच्या तरी मरणाची आठवण करून देणारा मारवा यांच्यात स्वरांचा फरक नाहीच, फरक आहे तो मागे कुठला सूर घुमतो आहे याचा.

त्यानंतर 'अमुक रागाचा अमुक रस' अशा कोष्टकांवरचा माझा विश्वास उडाला. हल्ली तर रागांनी रक्तदाब उतरवण्याची आणि मधुमेह बरा करण्याची भाषा ऐकू येते. त्याविषयी न बोललेले बरे. पण भावना स्वरात नसून स्वर आणि षड्ज यांच्यामधल्या अंतरात असते, असा एक सिद्धान्त मी मनाशी पक्का केला होता आणि मित्रांना ऐकवूनही छळले होते.

२०१६च्या पावसाळ्यात एका सकाळी जागा झालो तो डावा कान बंद. आत शिट्टी वाजत होती. जवळच्या डॉक्टरांनी पाहिले, मळ असेल म्हणाले आणि थेंब दिले. त्या थेंबांच्या भरवशावर मी बारा दिवस काढले. तेराव्या दिवशी कानाच्या तज्ज्ञांनी श्रवणाचा आलेख काढला : खालचे सूर शाबूत, वर जावे तसतशी रेषा घसरत गेलेली. अंतर्कर्णातला बिघाड. स्टेरॉइड जितके लवकर सुरू होईल तितके चांगले, असे ते म्हणाले. उशीर का केला हे त्यांनी विचारले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

त्या संध्याकाळी घरी येऊन इलेक्ट्रॉनिक तंबोरा सुरू केला. दोन षड्ज ऐकू आले. उजव्या कानात एक, डाव्या कानात त्याहून किंचित चढा. मी खुंटी फिरवत बसलो. पत्नी म्हणाली, "अहो, तंबोरा लागलेलाच आहे." ते वाक्य ऐकून मला जे वाटले ते लिहिणे कठीण आहे. अंतर्कर्णाच्या शंखात प्रत्येक उंचीच्या सुराला आपापली जागा असते. तिथल्या पेशी दुखावल्या की एकच सूर दोन्ही कानांना वेगवेगळा भासू शकतो. हे सारे नंतर समजले. तेव्हा इतकेच कळत होते की आता मागे कुठला सूर घुमतो आहे हेच मला सांगता येणार नाही.

किशोरीताईंचा भूप हा माझा कैक वर्षांचा आसरा. तो लावला आणि दोन मिनिटांत बंद केला. जे जितके स्वच्छ, तितके ते अधिक बेसूर झाले होते. डोळ्यांत पाणी येणे दूरच, दात आंबल्यासारखे वाटत होते. आनंद, करुणा, शांती म्हणून आपण ज्यांच्याविषयी इतके बोलतो ते सगळे कानातल्या काही केसाएवढ्या पेशींच्या मर्जीवर असावे, याचा मला संताप आला. नवल असे की मनातल्या मनात तोच भूप पूर्वीसारखाच सुरेल होता. रात्री दिवा मालवून पडून राहिलो की आठवणीतला षड्ज एकच असे. ते सुख होते की छळ, हे मला आजही ठरवता येत नाही.

बाहेरून येणाऱ्या गाण्यांपैकी सहन झाला तो फक्त खाँसाहेबांचा मारवा. का, याची दोन कारणे मी शोधली. एक असे की त्यात षड्ज जागेवर नसण्याची सवय मला आधीपासूनच होती. दुसरे असे की खाँसाहेबांचा आवाज खर्जातला, आणि माझ्या आलेखात खालचे सूर शाबूत होते. किशोरीताईंचा आवाज नेमका घसरलेल्या रेषेवर येत होता. दुसरे कारण खरे असावे. पहिले मला अधिक आवडते.

रोज संध्याकाळी पत्नी माझ्या पाठीमागे बसून पेटीची एक पट्टी दाबत असे. "आता?" "दोन." "आता?" "दोनच." ती गाणे शिकलेली नाही, आणि हा उद्योग तिला कंटाळवाणा वाटत असणार, पण साडेचार महिने तिने एकदाही चुकवले नाही. डिसेंबरात एका संध्याकाळी तिने काळी एक दाबली आणि मी बराच वेळ गप्प राहिलो. "अहो, आता?" तिने पुन्हा विचारले. मी म्हणालो, "एक." मग ती एकेक करून सगळ्या पट्ट्या दाबत गेली. वरच्या सप्तकात अजून फट होती, आणि थोडी आजही आहे.

मैफलीला जातो तेव्हा डाव्या कानात बोळा घालून बसतो. भूप पुन्हा ऐकतो. पूर्वीइतका निःशंकपणे नाही. माझ्या जुन्या सिद्धान्ताबद्दल मित्र विचारतात तेव्हा विषय बदलतो.

गेल्या पावसाळ्यात पेटी दमटली म्हणून दुरुस्तीसाठी एका कारागिराला घरी बोलावले. त्याने भाता पाहिला, सगळ्या पट्ट्या तपासल्या आणि म्हणाला, "साहेब, पांढरी सहा जरा चढी वाटते. उतरवून देऊ का?" मी पट्टी दाबून पाहिली, पुन्हा दाबली. मग त्याला थांबायला सांगितले आणि पत्नीला हाक मारली.